निकाल न मानणाऱ्याचे काय करायचे?

मागील अंकात एका वाचकाने विचारले होते की, निवडणूक हरल्यावर निकाल उलटवू पाहणाऱ्या नेत्यावर खटला भरणे याला न्याय म्हणायचे की सूड. जागेअभावी मी चार ओळींत उत्तर उरकले आणि ते कुणालाच पटले नाही, असे टपालावरून दिसते. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली काही पत्रे निवडून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी रोज सकाळी वाशीच्या मिनी सी-शोअरला फिरायला जातो. एका मित्राची मुलगी न्यू जर्सीला असते. तो म्हणतो की, २०२० चा निकाल उलटवू पाहिल्याचा खटला अंगावर असलेल्या ट्रम्प यांना २०२४ मध्ये अमेरिकन जनतेने पुन्हा निवडून दिले, म्हणजे जनतेच्या न्यायालयात ते निर्दोष सुटले. दुसरा म्हणतो की, तिथली न्यायालयेच विकली गेली. चहाच्या टपरीपर्यंत पोहोचताना दोघांचे बोलणे बंद झालेले असते. आम्ही कुणाची बाजू घ्यावी?
(निवृत्त बँक अधिकारी, वाशी)

उत्तर : चहाचे पैसे दोघांकडून घ्यावेत. पहिल्या मित्राचा मुद्दा ऐकायला गोड आहे, म्हणून तो आधी तपासू. मतदार मत देतो तेव्हा महागाई, रोजगार, स्थलांतर, समोरच्या उमेदवाराविषयीची नाराजी अशा अनेक गोष्टींचा एकच हिशेब करून बटण दाबतो. आरोपपत्रातले कोणते कलम सिद्ध झाले, असा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो आणि पुरावाही त्याच्यासमोर ठेवलेला नसतो. जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये तुरुंगात असताना मुझफ्फरपूरहून प्रचंड मतांनी निवडून आले. त्यानंतर त्यांच्यावरचा, आणीबाणीत स्फोटांचा कट रचल्याचा बडोदा डायनामाइट खटला मागे घेतला गेला, पण तो घेतला नव्या सरकारने. मुझफ्फरपूरच्या मतदारांना ते करता आले नसते. त्या वेळी मला आणि माझ्या बरोबरीच्या अनेक वकिलांना त्याचा मनापासून आनंद झाला होता, हेही इथे कबूल करतो. आपल्या आवडीच्या माणसाचा खटला मागे घेतला जातो तेव्हा प्रक्रियेचा प्रश्न कुणाला आठवत नाही.

आता दुसरा मित्र. न्यायालये विकली गेली असती तर २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरातच विकली गेली असती. ट्रम्प आणि त्यांच्या समर्थकांनी निकालाविरुद्ध साठाहून अधिक दावे दाखल केले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. फेटाळणाऱ्यांत खुद्द ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीशही होते. जबाबदारी ठरवण्याचे काम अडले ते त्यापुढच्या टप्प्यावर, आणि ते कसे अडले हे नीट पाहण्यासारखे आहे. ६ जानेवारी २०२१ रोजी कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदभवनावर, ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने ट्रम्प यांच्यावर महाभियोग मंजूर केला. १३ फेब्रुवारीला सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ असे मतदान झाले, सात रिपब्लिकन सदस्यांनी दोषी ठरवण्याच्या बाजूने मत दिले, पण दोन तृतीयांश मते झाली नाहीत. दोषी नाही असे मत देणारे सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी त्याच दिवशी सभागृहात सांगितले की, हे गृहस्थ आता पदावर नाहीत आणि देशात फौजदारी न्यायव्यवस्था आहे. पुढे फौजदारी खटला उभा राहिला तेव्हा बचाव पक्षाने सांगितले की, महाभियोगात दोषी ठरल्याशिवाय माजी अध्यक्षावर असा खटला चालूच शकत नाही. आपल्याकडे सरकारी कचेरीत चार नंबरच्या खिडकीवरून सात नंबरला आणि सातवरून परत चारला पाठवतात, तसाच हा प्रकार झाला. तक्रार खरी की खोटी हे शेवटपर्यंत कुणी ठरवलेच नाही.

त्यात उशिराची भर पडली आणि हा उशीर काही एकट्या बचाव पक्षाचा नव्हता. न्याय खात्याने विशेष वकील म्हणून जॅक स्मिथ यांची नेमणूक केली १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे ट्रम्प यांनी पुन्हा उमेदवारी जाहीर केल्यावर तीन दिवसांनी. कारण कितीही सरळ असले तरी तीन दिवसांचे हे अंतर विरोधकांच्या हाती आयते कोलीत होते. चार कलमांचे आरोपपत्र आले १ ऑगस्ट २०२३ रोजी, घटनेला अडीच वर्षे उलटल्यावर. सुनावणी ४ मार्च २०२४ ला सुरू व्हायची होती. अध्यक्षाला संरक्षण किती, या मुद्द्यावर ती थांबली. सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की, घटनेने अध्यक्षाकडेच सोपवलेल्या गाभ्याच्या अधिकारांत त्याला पूर्ण संरक्षण आहे, इतर अधिकृत कृतींना संरक्षण आहे असे गृहीत धरावे आणि खाजगी कृतींना ते मुळीच नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, कारण अधिकृत आणि खाजगी यांची वाटणी करण्यातच आणखी वर्षे जाणार हे उघड होते. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले आणि पदावरील अध्यक्षावर खटला चालवता येत नाही या न्याय खात्याच्या भूमिकेमुळे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी खटला काढून टाकण्यात आला. ट्रम्प यांनी सगळे आरोप नाकारले होते. स्मिथ यांनी अहवालात लिहिले की, दोषसिद्धीसाठी पुरावा पुरेसा होता. दोन्ही विधाने आता कागदावरच राहणार, कारण त्यांची उलटतपासणी कधी झालीच नाही. तुमच्या पहिल्या मित्राला सांगा की, हे सुटणे नव्हे; दुसऱ्याला सांगा की, हे विकले जाणेही नव्हे. तारखा पडत राहिल्या आणि मुदत संपली. ठाण्याच्या कोर्टात उभे राहिलेल्या कुठल्याही वकिलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न : मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "निवडणुकीत घोटाळा झाला" असे खोटे बोलणे हा गुन्हा नसेल, तर मग गुन्हा नेमका कुठे सुरू होतो? वर्गात यावर एकमत झाले नाही.
(विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : वर्गात एकमत झाले असते तर मला काळजी वाटली असती. स्मिथ यांच्या आरोपपत्राच्या सुरुवातीलाच मान्य केले होते की, निकालाविषयी बोलण्याचा, अगदी खोटे बोलण्याचाही, आणि न्यायालयात जाण्याचा आरोपीला हक्क होता. गुन्हा सुरू होतो तो शब्दाने कागद किंवा अधिकारी हलवायचा प्रयत्न होतो तिथे.

एक अनुभव सांगतो. ठाण्यात मी काही निवडणुकांत मतदान प्रतिनिधी म्हणून बसलो आहे. संध्याकाळी मतदान संपले की केंद्राध्यक्ष यंत्रावरचा एकूण आकडा नमुना १७-सी वर लिहितो, आम्हा प्रतिनिधींच्या सह्या घेतो आणि प्रत हातात देतो. घामेजलेला, चार घड्या पडलेला तो कागद मोजणीच्या दिवसापर्यंत मी पाकिटात जपून ठेवत असे आणि मोजणीच्या टेबलावर यंत्राने दाखवलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहत असे. आकडा जुळला नाही तर तिथल्या तिथे हरकत घ्यायची, एवढेच आमचे काम. आता २ जानेवारी २०२१ चा तो दूरध्वनी आठवा. जॉर्जिया राज्यात ट्रम्प ११,७७९ मतांनी मागे होते आणि हाताने केलेल्या मोजणीसह तेथील मते तीनदा मोजून झाली होती. निवडणुकीचे काम पाहणारे त्या राज्याचे सचिव ब्रॅड रॅफेन्सपर्गर हे ट्रम्प यांच्याच पक्षाचे. ट्रम्प यांनी त्यांना सुमारे तासभराच्या संभाषणात सांगितले की, मला फक्त ११,७८० मते शोधायची आहेत. "फेरमोजणी करा" अशी मागणी करणारा माणूस आकडा सांगत नाही, कारण मोजणीतून काय निघेल ते त्याला ठाऊक नसते. इथे आकडा आधी ठरला होता, आणि तोही फरकाहून नेमका एकाने जास्त. समर्थक म्हणतात की, हे फक्त हताश उमेदवाराचे बोलणे होते. न्यायालयात हा बचाव टिकलाही असता, कारण हेतू सिद्ध करणे कठीणच असते. पण प्रश्न तिथेच विचारला जायला हवा होता.

कागदाचे उदाहरण याहूनही बारीक आहे. डिसेंबर २०२० मध्ये सात राज्यांत हरलेल्या पक्षाच्या निर्वाचकांनी, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षपदासाठी मत देणाऱ्या प्रतिनिधींनी, आपणच रीतसर निवडून आलो आहोत अशा मजकुराच्या प्रमाणपत्रांवर सह्या करून ती वॉशिंग्टनला पाठवली. बचावाचा युक्तिवाद असा की, १९६० मध्ये हवाईत डेमोक्रॅट निर्वाचकांनीही असेच केले होते. खरे आहे, मात्र त्या दिवशी तिथे फेरमोजणी चालू होती, ती केनेडी यांच्या बाजूने ११५ मतांनी संपली, राज्यपालाने नवे प्रमाणपत्र दिले आणि तेव्हाचे उपाध्यक्ष म्हणून सभागृहात अध्यक्षस्थानी असलेल्या निक्सन यांनी, म्हणजे हरलेल्या उमेदवारानेच, ते स्वीकारले. २०२० मध्ये त्या सातही राज्यांत निकाल प्रमाणित झालेला होता. तरीही एक फरक तुमच्या वर्गात जरूर मांडा. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांतल्या मंडळींनी "न्यायालयाने आम्हाला निर्वाचक ठरवले तर" अशा अर्थाची अट कागदातच घातली होती, उरलेल्या पाचांनी घातली नाही. पक्ष तोच आणि दिवसही तोच असताना, त्या एका अटीमुळे पहिला कागद खबरदारी ठरतो आणि दुसऱ्यावर बनावटपणाचा संशय येतो. वकिलीत एका "जर"ची किंमत किती असते, ते इथे पाहावे.

प्रश्न : डेमोक्रॅट सदस्यांनीही २००१, २००५ आणि २०१७ मध्ये अमेरिकी संसदेत निकालावर हरकती घेतल्या होत्या. त्यांच्यावर कुणी खटला भरला नाही. मग हा दुटप्पीपणा नाही का?
(एक वाचक, खारघर)

उत्तर : हरकती घेतल्या होत्या आणि त्यांतल्या काही निव्वळ दिखाऊ होत्या, हे मान्य. पण हरकत घेणे हा तिथल्या कायद्याने दिलेला हक्क आहे आणि २०२१ मध्ये हरकत घेणाऱ्या रिपब्लिकन सदस्यांवरही त्यासाठी खटले झाले नाहीत. २००१ मध्ये फ्लोरिडातील ५३७ मतांच्या फरकाने हरलेले तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर स्वतः अध्यक्षस्थानी बसून आपल्याच पक्षाच्या हरकती फेटाळत होते. २००५ मध्ये हरलेले डेमोक्रॅट उमेदवार केरी यांनी पराभव मान्य केलेला होता. त्या जुन्या हरकतींच्या मागे २०२१ प्रमाणे प्रमाणपत्रांचा दुसरा संच किंवा मतमोजणीच्या अध्यक्षस्थानी असलेल्या उपाध्यक्षावर दबाव नव्हता. १८८७ चा मतगणनेचा कायदा संदिग्ध होता हे मात्र दोन्ही पक्षांना पटले आणि २०२२ च्या अखेरीस तो बदलला. आता हरकतीसाठी प्रत्येक सभागृहातील एक पंचमांश सदस्य लागतात, आणि उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक आहे असे स्पष्ट लिहिले आहे. त्या सगळ्या गदारोळात दोन्ही पक्षांनी मिळून केलेले हे एक काम फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

प्रश्न : ब्राझीलमध्ये निवडणूक हरलेले माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांना थेट तुरुंगात टाकले. तो खरा कायदा, की सत्तेवर आलेल्यांचा बदला?
(शिक्षक, ऐरोली)

उत्तर : ब्राझीलकडून शिकण्यासारखे आहे आणि खटकण्यासारखेही. शिकण्यासारखे असे की, तिथे निवडणुकीसाठी स्वतंत्र न्यायालय आहे. परदेशी राजदूतांना बोलावून मतदान यंत्रांविषयी निराधार आरोप केल्याबद्दल त्या न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी, म्हणजे निवडणुकीनंतर आठ महिन्यांत, बोल्सोनारो यांना २०३० पर्यंत निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले. त्यात तुरुंगवास नव्हता, केवळ पुढची निवडणूक बंद झाली. उठावाच्या कटाचा फौजदारी खटला वेगळा चालला. ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा सुनावली. अमेरिकेत जे एकाच खटल्याच्या गळ्यात अडकवले गेले, ते ब्राझीलने दोन ठिकाणी वाटून दिले.

खटकणारी गोष्ट अशी की, ज्यांच्या हत्येची योजना कटात होती असा आरोप होता, ते न्यायमूर्ती अलेक्झांड्र दे मोराइस स्वतः त्या पीठावर होते आणि प्रकरणाचे कामही तेच पाहत होते. पुरावा भक्कम असला तरी ज्याच्यावर हल्ला झाला त्याने न्यायाला बसू नये, हा साधा नियम आहे. बोल्सोनारो यांच्या समर्थकांची ही तक्रार मला रास्त वाटते आणि ती रास्त म्हटल्याने बोल्सोनारो निर्दोष ठरत नाहीत. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती फुक्स यांनी हे प्रकरण या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातच येत नाही, असे म्हटले होते. त्या मताकडेही केवळ पक्षपात म्हणून पाहू नये.

प्रश्न : आपल्याकडे असे काही घडले तर कायद्यात सोय आहे का? की परदेशाच्या गप्पा मारण्यातच आपला वेळ जायचा?
(गृहिणी, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : सोय आहे आणि घडलेलेही आहे. विधानसभा-लोकसभेच्या निकालाला आव्हान द्यायचे तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ खाली पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते आणि ती शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा सांगतो. ते "शक्यतो" किती लांबते, ते मी पाहिले आहे.

वेगाने झालेले एक उदाहरण चंडीगडच्या महापौर निवडणुकीचे. ३० जानेवारी २०२४ रोजी पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी आठ मते अवैध ठरवली आणि बारा विरुद्ध सोळा मतांनी भाजपचा उमेदवार विजयी घोषित केला. कॅमेऱ्यात मात्र ते स्वतःच पेनाने मतपत्रिकांवर खुणा करताना आणि मधेच मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहताना दिसत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या आठ मतपत्रिका दिल्लीला मागवून घेतल्या आणि न्यायमूर्तींनी त्या स्वतः पाहिल्या. २० फेब्रुवारीला, म्हणजे एकविसाव्या दिवशी, ती मते वैध धरून आम आदमी पक्षाच्या कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले आणि न्यायालयापुढे खोटे निवेदन केल्याबद्दल मसीह यांना नोटीस काढली. आठच कागद होते आणि चित्रीकरण हाताशी होते, म्हणून हे जमले असे कुणी म्हणेल. म्हणू दे, पण फेरनिवडणुकीचा सोपा मार्ग न घेता न्यायालयाने मूळ मतेच मोजली, हे विशेष आहे.

दुसरे उदाहरण मोठे आहे आणि आपण ते केवळ आणीबाणीची प्रस्तावना म्हणून आठवतो. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १९७१ ची रायबरेलीची इंदिरा गांधींची निवड रद्द केली. सरकारी अधिकाऱ्यांचा प्रचारात उपयोग केल्याचे दोन मुद्दे सिद्ध झाले होते. याचिका चार वर्षे चालली, हे सहा महिन्यांच्या त्या कलमाशी ताडून पाहावे. पुढे ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीच्या तोंडावर, एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्यात आला. ते कलम नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, मात्र निवडणूक कायद्यातील बदल मान्य करून निवड कायम ठेवली. याच काळातील एक विधेयक आज फारसे कुणाला आठवत नाही. एक्केचाळिसाव्या घटनादुरुस्तीच्या त्या विधेयकात पंतप्रधान, राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना फौजदारी कारवाईपासून आयुष्यभराचे संरक्षण देण्याची तरतूद होती, तीही पदावर येण्यापूर्वीच्या कृत्यांसह. राज्यसभेने ते संमत केले आणि लोकसभेत ते कधी आलेच नाही. त्यामुळे आज अनुच्छेद ३६१ चे संरक्षण राष्ट्रपती आणि राज्यपालांनाच आहे. फौजदारी कारवाईपुरते ते पदाच्या मुदतीइतकेच असून पंतप्रधानांना त्यात जागा नाही. ट्रम्प यांच्या खटल्यातील निर्णय वाचताना मला ते विसरलेले विधेयकच आठवत राहिले.

प्रश्न : आमच्या सोसायटीची निवडणूक होऊन दोन महिने होत आले. हरलेले पॅनेल "निवडणूकच बोगस होती" म्हणत दप्तर आणि चेकबुक देत नाही. वॉचमनचा पगारही थकला आहे. हा प्रश्न या सदरात बसतो का?
(नवनिर्वाचित सचिव, कोपरखैरणे)

उत्तर : पुरेपूर बसतो. निवडणूक बोगस वाटत असेल तर जुन्या समितीने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जावे. त्यासाठी निकालापासून दोन महिन्यांचीच मुदत असते आणि तुमच्या पत्रावरून ती संपत आली आहे. दप्तर अडवून ठेवणे हा त्यांचा हक्क नाही. कलम १६० खाली नव्या अध्यक्षाकडे कागदपत्रे आणि मालमत्ता सोपवणे बंधनकारक आहे. आधी जुन्या अध्यक्षांना हस्तांतर करायच्या वस्तूंच्या यादीसह लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. त्यांनी पोच नाकारली तर पत्र पोचपावतीच्या सोयीसह स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. मग निकालपत्राची प्रत जोडून निबंधक कार्यालयात अर्ज करा आणि त्यात कलम ८० खाली दप्तर जप्त करून मिळावे अशी विनंतीही लिहा. बँकेला नव्या समितीचा ठराव आणि सह्यांचे नमुने आजच द्या, म्हणजे निदान वॉचमनचा पगार या भांडणात अडकून राहणार नाही.